संगणक शंका-समाधान : एका डेस्कटॉपला अनेक मॉनिटर

डेस्कटॉप संगणकाला दुसरा किंवा तिसरा मॉनिटर कसा जोडावा, याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक पत्रांना या अंकात एकत्र उत्तरे देत आहोत. यांतील निम्म्याहून अधिक पत्रलेखकांनी प्रश्न विचारण्यापूर्वीच काही ना काही विकत घेतलेले आहे, आणि त्यातला बराचसा खर्च टाळता आला असता, याचे वाईट वाटते. म्हणून सर्वांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आधी सांगतो. संगणकाला किती मॉनिटर चालतील हे मागे किती पोर्ट आहेत किंवा किती केबली मिळतात यावर ठरत नाही. आतील ग्राफिक्स चिप एका वेळी किती स्वतंत्र चित्रे तयार करू शकते, यावर ते ठरते. हा आकडा समजल्याशिवाय बाजारात जाऊ नये.

प्रश्न : मी सांगलीत कर सल्लागार म्हणून काम करतो. कार्यालयातील संगणकात इंटेल आय-फाइव्ह १२४०० प्रोसेसर आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. मागच्या बाजूला एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीए असे तीन पोर्ट आहेत. एका स्क्रीनवर टॅली, दुसरीवर जीएसटीचे पोर्टल आणि तिसरीवर एक्सेल अशी सोय हवी आहे. तीन मॉनिटरसाठी कार्ड घ्यावेच लागेल, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. ते खरे आहे काय?

उत्तर : आपल्या कामासाठी कार्डाची गरज नाही. आपल्या प्रोसेसरमध्येच यूएचडी ७३० ही ग्राफिक्स चिप अंतर्भूत असून ती चार मॉनिटरपर्यंत चालवू शकते. इंटेलच्या दुसऱ्या पिढीतील प्रोसेसर दोन मॉनिटर चालवत असत, तिसऱ्या पिढीपासून ही मर्यादा तीन झाली आणि बाराव्या पिढीत ती चारवर गेली. काही स्वस्त मदरबोर्ड (संगणकातील सर्व भाग जोडणारा मुख्य फलक) चारऐवजी तीनच मॉनिटर चालू देतात, परंतु आपल्याला हवेत तितके तीन त्यातही बसतात. तरीही मदरबोर्डाच्या पुस्तिकेत तिन्ही पोर्ट एकाच वेळी वापरता येतात असा उल्लेख आहे का, हे एकदा पाहून घ्यावे.

मात्र हे उत्तर वाचून इतर वाचकांनी घाई करू नये. प्रोसेसरच्या क्रमांकापुढे ‘एफ’ हे अक्षर असेल, म्हणजे १२४०० ऐवजी १२४००एफ असेल, तर त्यात ग्राफिक्स चिप मुळीच नसते आणि मदरबोर्डावरचे पोर्ट दिसायला असले तरी निरुपयोगी असतात. एएमडीच्या रायझन ५६०० आणि ५६००एक्स यांचीही तीच स्थिती आहे. ५६००जी मध्ये मात्र ग्राफिक्स असते. आपल्या संगणकात काय आहे हे पाहण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यातील परफॉर्मन्स या विभागात सीपीयू (प्रोसेसर) व जीपीयू (ग्राफिक्स चिप) यांची नावे वाचावीत.

आता जोडणीकडे वळू. संगणक बंद करून केबली लावाव्यात. डिस्प्लेपोर्टच्या पिनेला बहुधा वरच्या बाजूस एक खटका असतो; तो दाबल्याशिवाय पिन ओढली तर पोर्ट मदरबोर्डावरून उखडू शकतो, म्हणून काढताना तो अंगठ्याने पूर्ण दाबावा. व्हीजीएच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने हलकेच आवळावेत. ते सैल राहिले की काही दिवसांनी स्क्रीन पिवळसर किंवा गुलाबी दिसू लागते आणि मॉनिटर बिघडला असे वाटते. व्हीजीए हा १९८७ मध्ये आलेला, अॅनालॉग संकेतावर चालणारा प्रकार आहे, त्यामुळे तिन्हींपैकी ज्या स्क्रीनकडे आपण सर्वांत कमी पाहणार असाल तीच त्याला जोडावी. सतत आकडे वाचायची स्क्रीन डिस्प्लेपोर्टवर किंवा एचडीएमआयवर असावी.

संगणक सुरू झाल्यावर विंडोजची कळ आणि ‘पी’ दाबून ‘एक्स्टेंड’ हा पर्याय निवडावा. त्यानंतर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले असे गेल्यास तीन क्रमांकित चौकोन दिसतील. ‘आयडेंटिफाय’ दाबल्यावर प्रत्येक मॉनिटरवर त्याचा क्रमांक मोठा उमटतो. टेबलावर मॉनिटर ज्या क्रमाने ठेवले आहेत, त्याच क्रमाने हे चौकोन माउसने सरकवून ठेवावेत आणि त्यांच्या कडा एका रेषेत आणाव्यात. एवढे न केल्यामुळेच ‘माउस दुसऱ्या स्क्रीनवर जाताना कोपऱ्यात अडकतो’ ही तक्रार उद्भवते, कारण चौकोन जिथे एकमेकांना भिडलेले नसतात तिथे बाण पलीकडे जाऊ शकत नाही. समोरच्या मॉनिटरला ‘मेन डिस्प्ले’ करावे. खिडकी एका स्क्रीनवरून दुसरीवर न्यायची असेल तर विंडोज, शिफ्ट आणि डाव्या-उजव्या बाणाची कळ एकत्र दाबावी. दिवसभर नोंदी करणाऱ्याला ही एक युक्ती फार उपयोगी पडते.

कार्डासाठी काढून ठेवलेले पैसे खर्चच करायचे असतील तर रॅमवर करावेत. अंतर्भूत ग्राफिक्स संगणकाच्याच रॅममधून आपला वाटा घेते, त्यामुळे ८ जीबीची एकच पट्टी असल्यास तशीच दुसरी पट्टी बसवल्याने तिन्ही स्क्रीनवरचे काम मोकळेपणाने चालेल.

प्रश्न : मी जळगावचा विद्यार्थी आहे. माझ्या संगणकाला एकच एचडीएमआय पोर्ट असल्याने मी एक स्प्लिटर आणला, परंतु दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येते. सेटिंग चुकली आहे का?

उत्तर : सेटिंग चुकलेली नाही. स्प्लिटरचे कामच आलेले एक चित्र दोन ठिकाणी पोहोचवण्याचे आहे. संगणकाला पलीकडे दोन मॉनिटर आहेत हे कळतच नाही, त्यामुळे कोणतीही सेटिंग बदलून तो वेगवेगळी चित्रे दाखवणार नाही. परत करता येत असेल तर स्प्लिटर परत करावा.

संगणकामागे दुसरा एखादा पोर्ट, मग तो व्हीजीए किंवा डीव्हीआय का असेना, असेल तर दुसरा मॉनिटर त्याला जोडावा. डिस्प्लेपोर्ट असेल तर आणखी सोय आहे. २०१० मध्ये आलेल्या डिस्प्लेपोर्ट १.२ पासून एका पोर्टातून अनेक स्वतंत्र चित्रे पाठवता येतात, आणि एमएसटी हब नावाचे उपकरण ती वेगवेगळ्या मॉनिटरना वाटून देते. विंडोजवर अशा एका पोर्टातून १९२० बाय १०८० ठिपक्यांचे चार मॉनिटरसुद्धा तत्त्वतः चालतात, अर्थात ग्राफिक्स चिपची एकूण मर्यादा ओलांडता येत नाही. हब विकत घेताना वेष्टणावर एमएसटी असे स्पष्ट लिहिलेले पाहावे, कारण तसाच दिसणारा साधा स्प्लिटरही त्याच शेल्फवर असतो.

यांपैकी काहीच नसेल तर यूएसबी ३.० पोर्टला लावायचा, डिस्प्लेलिंक चिपवर चालणारा अॅडॉप्टर हा उपाय उरतो. तो ग्राफिक्स चिपचा स्वतंत्र पोर्ट वापरत नाही. प्रोसेसरकडून चित्र आकुंचित करून यूएसबीतून पाठवतो. नोट्स, पीडीएफ, कोड यांसाठी तो चांगला आहे. गेम खेळण्यासाठी मात्र घेऊ नये, आणि ज्यांच्यावर नक्कल-संरक्षण आहे असे काही चित्रपट त्या स्क्रीनवर दिसत नाहीत.

प्रश्न : कोल्हापुरात माझा छोटा डीटीपीचा व्यवसाय आहे. कोरलड्रॉचे काम जड होऊ लागल्याने नवीन ग्राफिक्स कार्ड बसवले. एक मॉनिटर कार्डाला आणि दुसरा पूर्वीच्याच पोर्टला जोडला आहे, पण दुसरा काळाच राहतो. मॉनिटर चांगला आहे, याची खात्री केली आहे.

उत्तर : कार्ड बसवल्यावर बहुतेक मदरबोर्ड स्वतःचे ग्राफिक्स आपोआप बंद करतात, म्हणून पूर्वीच्या पोर्टला चित्र येत नाही. सर्वांत चांगला उपाय म्हणजे दोन्ही मॉनिटर कार्डालाच जोडावेत. कॅबिनेटची मागची बाजू पाहा : माउस, कीबोर्ड, यूएसबी आणि आवाजाच्या रंगीत पिनांच्या शेजारी जे पोर्ट आहेत ते मदरबोर्डाचे, आणि त्यांच्या खाली आडव्या पट्टीत एका रांगेत जे आहेत ते कार्डाचे. कार्डावर तीन-चार पोर्ट असूनही केवळ जुनी केबल पोहोचते म्हणून दुसरा मॉनिटर वरच्या पोर्टला ठेवला जातो, असे पुष्कळदा आढळते. कार्डाचा पोर्ट वेगळ्या प्रकारचा असेल तर योग्य केबल घ्यावी. कार्डाच्या किमतीपुढे तो खर्च नगण्य आहे.

कार्डावरील पोर्ट पुरतच नसतील, तर संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या पानावर) जावे आणि अंतर्भूत ग्राफिक्सविषयीची सेटिंग शोधावी. कंपनीनुसार तिचे नाव ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’, ‘आयजीडी मल्टी-मॉनिटर’ किंवा ‘इंटर्नल ग्राफिक्स’ असे असते. ती ‘एनेबल्ड’ केल्यावर दोन्हीकडचे पोर्ट चालू होतात. अर्थात प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसेल तर हा पर्याय तिथे दिसणार नाही किंवा त्याचा उपयोग होणार नाही. आणखी एक सूचना : कार्डावर जितके पोर्ट तितके मॉनिटर, असे गृहीत धरू नये. एनव्हिडियाची अलीकडची बहुतेक जीफोर्स कार्डे चार मॉनिटर चालवतात, परंतु जीटी १०३० सारखे लहान कार्ड दोनच चालवते.

आपण छपाईचे काम करता म्हणून विचारले नसले तरी सांगतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॉनिटरवर एकच लाल रंग दोन प्रकारचा दिसतो, आणि ग्राहकासमोर पत्रिका अंतिम करताना यावरून वाद होतात. दोन्ही मॉनिटरचा रंग जुळवत बसण्यापेक्षा आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा पडदा) असलेला, चांगला मॉनिटर रंगासाठी निश्चित करावा आणि ग्राहकाची मंजुरी नेहमी त्याच स्क्रीनवर घ्यावी. टूल, फाइल्सची यादी, आलेले ई-मेल हे सर्व दुसऱ्या स्क्रीनवर ठेवावे.

प्रश्न : लातूर जिल्ह्यात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा, जातीचा दाखला यांचे अर्ज भरताना समोरच्या माणसाला त्याचे नाव, गाव, जन्मतारीख बरोबर भरली आहे का हे दिसावे, म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला एक मॉनिटर लावायचा आहे. काय करावे?

उत्तर : आपला विचार अतिशय चांगला आहे. नावातील एका वेलांटीच्या चुकीपायी लोकांना पुन्हा तहसीलला हेलपाटे घालावे लागतात. अर्ज पाठवण्यापूर्वीच त्यांनी तो स्वतः वाचला तर हे हेलपाटे वाचतील. मात्र या मॉनिटरची रचना करताना सोयीइतकाच गोपनीयतेचा विचार करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सोपा मार्ग विंडोज व पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडण्याचा आहे. त्यात आपल्याला जे दिसते तेच ग्राहकाला दिसते, आणि अडचण नेमकी तीच आहे. डाउनलोड्सचे फोल्डर उघडले की आधी येऊन गेलेल्या चार जणांची आधार कार्डे, रेशन कार्डे त्याला दिसतात. आपला लॉगिन आणि आलेले संदेशही दिसतात. रांगेत मागे उभ्या असलेल्यांनाही ते वाचता येते. शिवाय डुप्लिकेटमध्ये दोन्ही मॉनिटरचे रिझोल्यूशन (आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या) एकच ठेवावे लागते, त्यामुळे ग्राहकाचा मॉनिटर जुना, १३६६ बाय ७६८ चा असेल तर बहुधा आपल्या मॉनिटरवरची जागाही तितकीच आक्रसते.

म्हणून दोनच मॉनिटर असतील तर ‘एक्स्टेंड’ ठेवावे. अर्ज आपल्या स्क्रीनवर भरावा आणि अंतिम तपासणीचे पान उघडले की ब्राउझरची ती खिडकी विंडोज, शिफ्ट आणि बाणाच्या कळेने ग्राहकाच्या स्क्रीनवर पाठवावी. वाचून झाल्यावर ती परत आणावी. ब्राउझरमध्ये अक्षरे मोठी करण्यासाठी कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबावे. पुष्कळशा वयस्कर मंडळींना त्याशिवाय वाचता येत नाही.

गर्दी असणाऱ्या केंद्रासाठी याहून चांगली रचना तीन मॉनिटरची आहे. दोन आपल्याकडे आणि तिसरा ग्राहकाकडे ठेवावा. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दुसरा मॉनिटर निवडून खालच्या यादीत ‘डुप्लिकेट डेस्कटॉप ऑन २ अँड ३’ असा पर्याय घेतला की दुसरी आणि तिसरी स्क्रीन एकसारखी दिसते आणि पहिली फक्त आपली राहते. फोल्डर, लॉगिन, संदेश पहिलीवर आणि केवळ अर्ज दुसरीवर, अशी शिस्त लावून घ्यावी. संगणकाला दोनच पोर्ट असतील तर दुसऱ्या पोर्टवर साधा स्प्लिटर लावूनही हेच साधता येते. जळगावच्या विद्यार्थ्याला निरुपयोगी ठरलेले उपकरण इथे अगदी योग्य आहे. टेबलाच्या पलीकडे नेण्यासाठी तीन ते पाच मीटरची चांगली एचडीएमआय केबल पुरते. ती पायात येणार नाही अशी टेबलाच्या खालून, पट्टीत बसवून न्यावी.

प्रश्न : सोलापुरातील माझ्या संगणकाला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट आहेत. घरात एक जुना व्हीजीएचा आणि एक डीव्हीआयचा मॉनिटर पडून आहे. कन्व्हर्टर लावून ते वापरता येतील का?

उत्तर : दोन्ही वापरता येतील, फक्त कन्व्हर्टर कोणत्या दिशेने चालतो याकडे लक्ष द्यावे. बहुतेक कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतात आणि दुकानात चुकीचा हातात पडण्याचे कारण बहुधा हेच असते. उदाहरणार्थ, संगणकाच्या एचडीएमआयला व्हीजीएचा मॉनिटर जोडायचा तर ‘एचडीएमआयकडून व्हीजीएकडे’ जाणारा लागतो. ‘व्हीजीएकडून एचडीएमआयकडे’ जाणारा दिसायला तसाच असला तरी उपयोगाचा नाही. एचडीएमआय आणि डीव्हीआय यांचा चित्राचा डिजिटल संकेत सारखाच असल्याने तिथे साधी केबल पुरते, कन्व्हर्टरची गरज नसते. म्हणून आपण डीव्हीआयचा मॉनिटर एचडीएमआयला जोडावा आणि व्हीजीएच्या मॉनिटरसाठी ‘डिस्प्लेपोर्टकडून व्हीजीएकडे’ जाणारा कन्व्हर्टर घ्यावा. नवीन मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट आणि संगणकाला फक्त एचडीएमआय, अशी उलट स्थिती असेल तर यूएसबीतून वीज घेणारा सक्रिय कन्व्हर्टर लागतो.

ज्यांच्या जुन्या संगणकाला डीव्हीआय पोर्ट आहे त्यांनी तो जवळून पाहावा. लांबट चपट्या फटीभोवती चार बारीक छिद्रे असतील तर त्यातून अॅनालॉग संकेतही मिळतो आणि साध्या जोडपिनेने व्हीजीए मॉनिटर चालतो. नुसती फट असेल तर ती जोडपिन त्यात बसणारच नाही. बसवण्यासाठी जोर लावू नये.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहीत आहे. दुसऱ्या मॉनिटरची केबल लावताना कॅबिनेटला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात. एकदा ठिणगीही दिसली. तसेच ६०० व्हीएच्या यूपीएसवर दोन मॉनिटर चालतील का?

उत्तर : आपण या पत्रातील पहिला भाग गांभीर्याने घ्यावा आणि अर्थिंग तपासून होईपर्यंत केबल लावू-काढू नये. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये (आतील भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यात) विजेतील गोंगाट गाळण्यासाठी असलेले कपॅसिटर अर्थिंगच्या तारेला जोडलेले असतात. घरातील अर्थिंग तुटलेले असेल, तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावलेला असेल किंवा प्लगची मोठी पिन कापलेली असेल, तर कॅबिनेटच्या पत्र्यावर घरगुती व्होल्टेजच्या साधारण निम्मे व्होल्टेज तरंगत राहते. त्याचा प्रवाह अगदी थोडा असल्याने केवळ झिणझिण्या येतात, परंतु मॉनिटर दुसऱ्या, चांगले अर्थिंग असलेल्या सॉकेटवर असेल तर केबल जोडताक्षणी तो प्रवाह केबलमधून मॉनिटरकडे धावतो. आपण पाहिलेली ठिणगी बहुधा त्याचीच होती. अशाने ग्राफिक्सचा किंवा मॉनिटरचा पोर्ट कायमचा जाऊ शकतो.

वायरमनला बोलावून सॉकेटवर मोजमाप करून घ्यावे. फेज आणि अर्थिंग यांच्यातील व्होल्टेज हे फेज आणि न्यूट्रल यांच्यातील व्होल्टेजच्या जवळपास आले पाहिजे. अर्थिंग आणि न्यूट्रल यांत थोडेसेच व्होल्टेज असावे. कोकणात जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालण्याची पद्धत योग्यच आहे. कॅबिनेट आणि सर्व मॉनिटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असावेत, आणि केबल लावण्यापूर्वी त्या बोर्डाचा प्लग काढावा.

यूपीएसचे गणित सोपे आहे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. चोवीस इंची एलईडी मॉनिटर पंधरा ते पंचवीस वॉट घेतो, म्हणजे दोन मॉनिटरचा भार फारसा नाही, आणि कार्ड नसलेला कार्यालयीन संगणक त्यावर सहज चालेल. मोठे ग्राफिक्स कार्ड असल्यास मोठा यूपीएस घ्यावा. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीही लावू नये.

प्रश्न : नागपूरला मी घरून प्रोग्रॅमिंगचे काम करते. जुन्या १९२० बाय १०८० च्या मॉनिटरशेजारी सत्तावीस इंची फोर-के (३८४० बाय २१६० चा) मॉनिटर घेतला. त्यावर माउस अडखळत चालतो, अक्षरे मुंगीएवढी दिसतात आणि मोठी केल्यावर काही प्रोग्रॅम धूसर होतात.

उत्तर : माउस अडखळतो तो बहुधा मॉनिटर सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रे दाखवत असल्यामुळे. सेटिंग्जमधील ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ या ठिकाणी ३० हर्ट्झ लिहिलेले दिसेल. एचडीएमआय १.४ ची फोर-केसाठी मर्यादाच तेवढी आहे आणि दहाव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक इंटेल मदरबोर्डांवर तोच एचडीएमआय असतो. त्याच मदरबोर्डावर डिस्प्लेपोर्ट असेल तर फोर-के मॉनिटर त्याला जोडावा, ६० हर्ट्झ मिळतील. जुना मॉनिटर एचडीएमआयवर न्यावा. बऱ्याचदा केवळ या दोन केबलींची अदलाबदल करून काम भागते.

अक्षरांसाठी फोर-के मॉनिटरचे स्केल (मजकूर किती मोठा दिसावा याचे प्रमाण) १५० टक्के आणि जुन्याचे १०० टक्के ठेवावे. विंडोजमध्ये प्रत्येक स्क्रीनचे स्केल वेगळे ठेवता येते. रिझोल्यूशन कमी करून अक्षरे मोठी करू नयेत, तसे केल्यास महागड्या मॉनिटरचा सगळा रेखीवपणा जातो. मराठी मजकूर वाचणाऱ्यांनी तर स्केल थोडे अधिकच ठेवावे, कारण रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांतील बारीक गाठी लहान आकारात एकमेकांत मिसळतात. स्केल बदलल्यावर एकदा साइन आउट करून पुन्हा आत यावे. काही जुने प्रोग्रॅम त्यानंतरच नीट दिसू लागतात. तरीही धूसर राहणारा एखादा प्रोग्रॅम असेल तर तो जुन्या मॉनिटरवरच वापरावा.

प्रश्न : पुण्यात भाषांतराचे काम करते. दोन मॉनिटर लावल्यापासून मान आणि उजवा खांदा दुखतो. मला बायफोकल चष्मा आहे.

उत्तर : दुखणे टिकून असेल तर डॉक्टरांना दाखवावेच, पण टेबलाची मांडणी आजच बदलावी. दोन मॉनिटर समसमान ठेवून मधली फट नाकासमोर येऊ दिली की मान दिवसभर एका अंगाला वळलेली राहते. ज्या स्क्रीनवर आपण टंकलेखन करता ती बरोबर समोर, हातभर अंतरावर असावी आणि मूळ मजकुराची स्क्रीन तिला लागून, आपल्याकडे थोडी वळवलेली असावी. उंची सर्वसाधारणपणे अशी ठेवतात की मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली येते. बायफोकलमध्ये जवळचे वाचण्याचा भाग भिंगाच्या खालच्या बाजूला असतो, म्हणून आपण हनुवटी वर करून वाचत असणार. आपण दोन्ही मॉनिटर याहूनही खाली आणावेत. जाड पुस्तकांवर ठेवले असतील तर ती पुस्तके काढावीत. केवळ संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा मिळतो, त्याविषयी नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

मूळ मजकुराची स्क्रीन उभी करता आली तर पानच्या पान दिसते. ‘डिस्प्ले ओरिएन्टेशन’ मध्ये ‘पोर्ट्रेट’ निवडावे. मॉनिटरचा स्टँड फिरत नसेल तर मॉनिटर धरणारा, टेबलाला आवळायचा हात (मॉनिटर आर्म) मिळतो. मॉनिटरच्या पाठीवरील चार छिद्रांमधील अंतर आधी मोजावे, ते बहुधा ७५ किंवा १०० मिलिमीटर असते. टेबलाची फळी पातळ असल्यास हाताच्या खाली लाकडाचा तुकडा द्यावा.

प्रश्न : ठाण्याहून लिहीत आहे. एक मॉनिटर बंद केला की त्यावरच्या सगळ्या खिडक्या दुसरीकडे उड्या मारतात. हा व्हायरस तर नाही ना?

उत्तर : व्हायरस नाही. डिस्प्लेपोर्टवरचे बरेच मॉनिटर बटणाने बंद केले की संगणकाला ते काढून घेतल्यासारखे वाटते. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या ‘मल्टिपल डिस्प्लेज’ या भागात खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू करावा. काही मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ‘डीप स्लीप’ असते, ते बंद करावे.

प्रश्न : माझा जुना लॅपटॉप डेस्कटॉपचा दुसरा मॉनिटर म्हणून वापरता येईल का? त्याला एचडीएमआय पोर्ट आहे. (वाचक, बेळगाव)

उत्तर : केबलने नाही. लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट जवळजवळ नेहमी चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतो, आत घेण्यासाठी नव्हे. दोन्ही टोके जोडली तरी काही दिसणार नाही. बिनतारी मार्ग मात्र आहे. लॅपटॉपवर विंडोज १० किंवा ११ असल्यास ऑप्शनल फीचर्समधून ‘वायरलेस डिस्प्ले’ बसवावे आणि ‘प्रोजेक्टिंग टू धिस पीसी’ चालू करावे. मग डेस्कटॉपवर विंडोज आणि ‘के’ दाबून लॅपटॉपचे नाव निवडावे. यासाठी डेस्कटॉपमध्ये वायफाय हवे. नसल्यास यूएसबीचा वायफाय अॅडॉप्टर घेताना तो मिराकास्ट (चित्र बिनतारी पाठवण्याची पद्धत) चालवतो का, हे दुकानात विचारून घ्यावे. चित्र किंचित मागून येते, त्यामुळे त्या स्क्रीनवर वाचायचा मजकूर ठेवावा आणि टंकलेखन मुख्य मॉनिटरवर करावे.